मोबाईलमधला पार



गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला, चहा झाला, की हल्ली एकच गाऱ्हाणं निघतं. पोरगं मोबाईल सोडत नाही. जेवायला हाक मारली की "पाच मिनिटं" म्हणतं आणि अर्धा तास उठत नाही. हिसकावून घेतला तर आदळआपट करतं. बाई बदनापूरकडची असो की मंठ्याकडची, गाऱ्हाणं तेच. मीसुद्धा तेच म्हणत होते. मग आमच्या गटात एक प्रकार घडला आणि मला वाटलं, ह्या खेळाची मागची गोष्ट एकदा नीट समजून घ्यावी. तो प्रकार शेवटी सांगते.

मिळून खेळणं हे काही मोबाईलने आणलेलं नाही. आपल्या शेजारच्या वेरूळच्या लेण्यांत शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. चौदा, एकवीस आणि एकोणतीस नंबरच्या लेण्यांत हे चित्र आहे. सहलीला गेलात तर जरूर बघा. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांना देवसुद्धा डावावर बसलेले दाखवावेसे वाटले, आणि तेही एकटे नाहीत, भोवती बाकीची मंडळी आहेत. ह्याच कुळातली पचिसी अकबराच्या फतेहपूर सिक्रीत अंगणाच्या फरशीवर आखलेली आहे. पुढे हा खेळ इंग्रजांनी विलायतेला नेला, सोपा केला आणि १८९६ साली 'लुडो' नावाने त्याचं पेटंट घेतलं. आपलाच पाट आपल्याला खोक्यात घालून परत विकला म्हणा ना! हा लुडो लक्षात ठेवा, पुढे परत भेटणार आहे.

आता यंत्राकडे येऊ. १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी ह्या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी कपाटाएवढ्या कॉम्प्युटरवर एक खेळ तयार केला, 'स्पेसवॉर'. दोन यानं एकमेकांवर गोळ्या झाडतात, एवढंच. गंमत अशी, की तो खेळायला दोन माणसं लागायची. म्हणजे अगदी सुरुवातीच्या कॉम्प्युटर-खेळांतला हा एक, आणि तोसुद्धा एकट्याचा नव्हता.

पण ती दोन माणसं एकाच यंत्रासमोर बसत. लांबच्या माणसांना एका खेळात आणलं ते १९७८ साली, इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल ह्या दोन विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा खेळ केला. त्यात चित्र एकही नव्हतं, फक्त अक्षरं. तुम्ही एका वाटेवर उभे आहात, उत्तरेला जायचं का, असं पडद्यावर यायचं आणि आपण उत्तर टाइप करायचं. त्याच वाटेवर दुसरा कुणीतरी उभा असायचा, खराखुरा माणूस, दुसऱ्या खोलीतला नाहीतर दुसऱ्या गावातला. बाहेरच्या लोकांना टेलिफोनच्या तारेवरून रात्री उशिरा, विद्यापीठाचं यंत्र मोकळं असेल तेव्हा खेळू देत. पोरांचं रात्रीचं जागरण तेव्हापासूनचं आहे, बघा.

आपल्याकडे हे कशाला पोचतंय? नव्वदच्या दशकात आपल्याकडे आली ती टीव्हीला जोडायची पेटी, तिच्यात घालायची कॅसेट आणि दोन रिमोट. मारिओ, कॉन्ट्रा. जालन्यात माझ्या आत्याकडे होती. कॉन्ट्रा दोघांनी मिळून खेळायचा, खांद्याला खांदा लावून, आणि बाकीची सहा पोरं मागे बसून आरडाओरडा करायची. आत्या भाकरी थापता थापता ओरडायची आणि मारिओ जागच्या जागी थांबायचा. कारण तिथे थांबवायचं बटण होतं. आणि आत्याचं ऐकलं नाही तर लोडशेडिंग तर ऐकायला लावायचंच.

नंतर नोकियाच्या फोनवरचा साप आला. तो आपणही खेळलो आहोत, नाही म्हणू नका. शहरांत सायबर कॅफे आले, तिथे कॉम्प्युटर एकमेकांना तारेने जोडून पोरं लढाईचे खेळ खेळायला लागली. गावाकडे मात्र तो काळ जवळजवळ आलाच नाही. आपण सापावरून एकदम पुढची उडी मारली.

ती उडी ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाली. त्या दिवशी जिओ आलं आणि पुढचे काही महिने, मार्च २०१७ संपेपर्यंत, इंटरनेट फुकट मिळालं. त्याआधी नेटपॅक जपून जपून वापरायचं, आता ज्वारी पाखडावी तसं. मार्च २०१८ मध्ये 'पबजी'चा मोबाईलवरचा खेळ आला. शंभर माणसं विमानातून एका बेटावर उतरतात, हत्यारं गोळा करतात, भोवतीचं रिंगण लहान लहान होत जातं आणि शेवटी जो उरेल तो जिंकतो. चार-चार जणांची टोळी करता येते आणि कानातल्या यंत्रातून चौघं एकमेकांशी बोलतात. एक अंबडचा, एक परभणीचा, एक पुण्यात कंपनीत लागलेला आणि एक कुठला कोण, देव जाणे.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण आपलं अर्धं भांडण इथेच आहे.

ह्या खेळाला थांबवायचं बटण नाही. असूच शकत नाही. शंभर माणसं एकाच वेळी खेळताहेत, तुमच्या पोरासाठी ती कशी थांबतील? डाव पंचवीस-तीस मिनिटं चालतो. टोळीतल्या एकाला गोळी लागली तर तो लगेच मरत नाही, खाली पडतो. त्याच्याजवळ जाऊन त्याला उचलावं लागतं, तर तो वाचतो. पोरांच्या भाषेत तो 'नॉक' झाला. आता तुम्ही हाक मारली, "ऊठ, भाकरी निवली." तो उठला तर तिकडे परभणीचा पडलेला तसाच मरतो आणि बाकीचे ह्याला शिव्या घालतात. आपल्याला दिसतं, की पोरगं आईचं ऐकत नाही. त्याच्या लेखी तो मित्राला सोडून पळत नाही. मी हे त्याची बाजू घेऊन सांगत नाही, भाकरी मलाही गरमच वाढायची असते. पण कबड्डीच्या भर डावातून आपण पोराला कधी ओढून आणलं होतं का? डाव सुरू व्हायच्या आधी सांगून ठेवावं लागतं: हा एक, मग जेवण.

ही चिंता आपल्या एकटीची नव्हती. जानेवारी २०१९ मध्ये दिल्लीला 'परीक्षा पे चर्चा' कार्यक्रमात एका आईने आपल्या मुलाच्या ऑनलाइन खेळाचं गाऱ्हाणं थेट पंतप्रधानांपुढे मांडलं. त्यांनी पबजीवाला आहे का, असं विचारलं आणि सगळा मंडप हसला. ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्याच सुमाराला अकरा वर्षांच्या एका मुलाने आपल्या आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, की हा खेळ बंद करा. मार्चमध्ये गुजरातेत राजकोटला पोलिसांनी बंदी घातली आणि खेळणाऱ्या पोरांना धरलं. खेळ काही बंद झाला नाही.

मग मार्च २०२० चं लॉकडाऊन आलं. शाळा बंद, पारावर बसायला बंदी, यात्रा नाही, लग्नं नाहीत. आणि ज्यांना आपण मोबाईलवरून बोलत होतो त्या आपणच मोबाईलवर खेळायला लागलो. आठवतंय? आता तो मघाचा लुडो. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ सालीच 'लुडो किंग' काढला होता, विकास जयस्वाल ह्यांची कंपनी. लॉकडाऊनमध्ये तो घराघरांत गेला. माझी बहीण पिंपरीला अडकलेली, मधली भावजय माहेरी, मी इथे. रात्री नऊला तिघी डावावर. सोंगटी मारली की लगेच फोन, "माझीच बरी मारलीस!" दोन महिने एकमेकींचं तोंड पाहिलं नाही, पण एक रात्र चुकवली नाही. नवऱ्याने एकदा विचारलं, भाजी करपली का? करपली होती. माझा डाव मध्येच सोडवत नव्हता.

पोरांचंही तेच झालं, फक्त त्यांची सोंगटी बंदूक घेऊन फिरत होती. त्यांचा पार मोबाईलमध्ये गेला. म्हणून २ सप्टेंबर २०२० ला चीनशी सीमेवर तणाव असताना सरकारने ११८ ॲप बंद केली आणि त्यात पबजी गेलं, तेव्हा आपण सुटलो म्हणालो आणि पोरं मात्र उदास झाली. माझा पुतण्या दोन दिवस नीट जेवला नाही. खेळ गेला ह्याचं दुःख होतंच, पण टोळीतल्या दोघांचे फोन नंबर त्याच्याकडे नव्हते. खेळातली नावं तेवढी ठाऊक, तीसुद्धा खोटी. पार एका रात्रीत उचलून नेला आणि माणसं कुठे गेली कळलं नाही. पुढे जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' ह्या नावाने परत आला, मध्ये वर्षभराने पुन्हा दुकानातून काढला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. 'फ्री फायर' हा तसलाच दुसरा खेळ, त्याचा डाव लहान आणि तो स्वस्तातल्या फोनवरही चालतो, म्हणून आपल्याकडे जास्त. त्यालाही फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली. त्याचा 'मॅक्स' नावाचा भाऊ चालूच राहिला.

मुलींचं काय? हे कुणी विचारत नाही. पारावर आपल्या मुली कधी बसल्या? पंचमीचा झोका आणि फेर, तो वर्षातून एकदा, तोही लग्नापर्यंत. माझी भाची बारावीत आहे. ती हे खेळ खेळते आणि चांगली खेळते, पण खेळात तिचं नाव मुलाचं आहे आणि माईक बंद असतो. का गं, म्हटलं. म्हणाली, "मावशी, आवाज ऐकला की घाण बोलतात. काही जण नंबर मागत बसतात." अंधार पडल्यावर घराबाहेर न जाता चार जणांत खेळायला तिला पहिल्यांदा जागा मिळाली, आणि तिथेही तिने तोंड बांधून बसायचं. मला ह्याचा पोरांच्या जागरणापेक्षा जास्त राग येतो.

आता पैशाचं. हे खेळ फुकट मिळतात, मग कंपनीचं पोट कशावर चालतं? खेळातल्या बाहुल्याचे कपडे, बंदुकीचे रंग, असल्या वस्तू विकून. बहुतेक वस्तू नुसत्या दिसायला चांगल्या. आपल्याला हसू येतं, पण पैठणी नेसून एकटी घरात कोण बसतं? चार जणींनी बघावी म्हणूनच ना? टोळीतली पोरं बघतात म्हणून तो सदरा विकला जातो. एकट्याच्या खेळात तो कुणी घेतला नसता.

रमी-तीन पत्तीसारखे पैसे लावायचे ऑनलाइन खेळ मात्र वेगळे, ती सरळ जुगाराची वाट. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून त्यांच्यावर बंदी आणली. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. तेव्हा घरातलं कुणी त्यात फसलं असेल तर भीतीने लपवू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, जितक्या लवकर फोन तितकं बरं. लेकरांसाठी १०९८, आणि मन फारच बिघडलं असेल तर १४४१६.

आता आमच्या गटातला प्रकार. कुठला खेळ ते सांगत नाही, ताईंचं नावही घेत नाही. ताई रोजाने कापूस वेचायला जातात, पोरगा नववीत. फोन एकच, त्यावरूनच पैसे पाठवायचं ॲप, आणि त्याचा पिन पोरानेच टाकून दिलेला. महिन्याभरात थोडे थोडे करून तीन हजार सहाशे गेले. त्यात गटाचा हप्ता होता. बैठकीत एकजण म्हणाली फोन विका, दुसरी म्हणाली बापाला सांगा, दोन ठेवून देईल. आमच्यातल्या सर्वांत वयस्कर आजी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारलं, "पण घेतलं काय त्यानं? आन कुणासाठी?"

ते कुणी विचारलंच नव्हतं. पोराला बोलावलं. निम्मे पैसे त्याने स्वतःच्या कपड्यांवर घातले होते आणि निम्म्याच्या भेटवस्तू टोळीच्या पुढाऱ्याला दिल्या होत्या. 'भाई' म्हणायचा त्याला. भाई कुठला? माहीत नाही. वय? माहीत नाही. कधी पाहिलास? नाही. भेटी संपल्या तसं भाईने त्याला टोळीतून काढून टाकलं. हे सांगताना पोरगं जे रडलं ते पैशासाठी नव्हतं.

गटाने हप्त्याला दोन महिने मुदत दिली. पिन बदलला, तो आता ताईंनाच पाठ आहे. फोन ओसरीवर, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे. पोरगा आता शाळेतल्याच तीन मित्रांबरोबर खेळतो. तिघांची घरं ताईंना ठाऊक आहेत, एकाची आई तर आमच्याच गटात आहे. परवा ताई सांगत होत्या, त्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, दे रे, मला बघू दे. बंदूक आभाळाकडे धरून भिंतीवर चालत राहिल्या आणि अर्ध्या मिनिटात पडल्या. तिकडून एक पोरगं ओरडलं, "अरे, उचल ना त्याला!" तर ह्यांचा म्हणाला, "तो नाही रे, आई आहे माझी." थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग तिघंही आपला डाव सोडून ताईंना उचलायला पळत आले.