उत्तरामागची उपपत्ती: ब्रिटिश गूढ शब्दकोड्याची घडण

शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेत झाला, परंतु त्याचे गूढ रूप ब्रिटनमध्ये घडले, आणि त्या घडणीचा इतिहास कोडी रचणाऱ्यांच्या कल्पकतेचा जितका आहे तितकाच ती सोडवणाऱ्यांच्या हट्टाचाही आहे. उत्तर सापडले एवढ्यावर समाधान न मानता ते हेच का, दुसरे का नव्हे, याची उपपत्ती मागण्याचा तो हट्ट होता. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची जी पहिली चौकट छापली, तिच्यातील संकेत, म्हणजे प्रत्येक शब्दासाठी दिलेली सूचक ओळ, ही साधी व्याख्याच होती. १९२४ मध्ये शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक अमेरिकेत निघाले आणि त्याच वर्षी ‘संडे एक्सप्रेस’मधून हा खेळ इंग्लंडमधील वृत्तपत्रांत पोहोचला. अमेरिकन कोडे पुढेही मुख्यतः शब्दसंग्रहाची आणि सामान्यज्ञानाची परीक्षा राहिले. इंग्लंडमध्ये मात्र काही वर्षांतच त्याला वेगळे वळण लागले.

गूढ संकेत हे दोन भागांचे वाक्य असते. त्याच्या एका टोकाला उत्तराची सरळ व्याख्या असते, उरलेला भाग त्याच शब्दाकडे अक्षरांच्या खेळातून घेऊन जातो, आणि वाक्याचा वरवरचा अर्थ या दोन्हींवरून लक्ष उडवण्यासाठी योजलेला असतो. ‘नाटक लाभले त्यात दडलेले कौशल्य (२)’ या संकेतात ‘कौशल्य’ ही व्याख्या, ‘त्यात दडलेले’ ही कृतीची खूण, आणि पहिल्या दोन शब्दांच्या सांध्यावर ‘कला’ हे उत्तर उघड छापलेले आहे. कंसातील आकडा अक्षरसंख्या सांगतो. ‘कायद्यातील तरतूद: विसकटलेले कमल (३)’ येथे अक्षरांची फेरमांडणी केली की ‘कलम’ मिळते. ‘माघारी फिरलेला दीन, उदाहरणार्थ गोदावरी (२)’ यात ‘दीन’ उलटा वाचायचा आणि ‘नदी’ गाठायची. या शेवटच्या संकेतातील ‘उदाहरणार्थ’ हा शब्द गाळला तर गोदावरी ही नदीची व्याख्या ठरते, आणि ती चूक आहे, कारण गोदावरी नदी असली तरी नदी म्हणजे गोदावरी नव्हे. अशा एका शब्दावरून कोडेकारांमध्ये दीर्घ वाद झडले आहेत. इंग्रजी लिपीत स्वर आणि व्यंजने सुटी लिहिली जात असल्यामुळे फेरमांडणीला तेथे फार मोठा वाव मिळतो, तर मराठीत स्वरचिन्ह व्यंजनाला चिकटूनच हलत असल्यामुळे तो आक्रसतो.

सर्वच संकेत गूढ असलेले कोडे रूढ करण्याचे श्रेय एडवर्ड पाउइस मॅथर्स यांना दिले जाते. १९२५ मध्ये ‘सॅटर्डे वेस्टमिन्स्टर गॅझेट’मध्ये आणि १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये त्यांनी ‘टोर्क्वेमाडा’ या टोपणनावाने कोडी रचली. स्पॅनिश धर्मपीठाच्या पहिल्या महान्यायाधीशाचे हे नाव सोडवणाऱ्यांच्या छळाची आगाऊ कबुली देणारे होते. मॅथर्स हे कवी आणि अनुवादक होते, आणि मराठी वाचकाला विशेष वाटावे असे की, काश्मीरच्या बिल्हणाच्या नावे असलेल्या ‘चौरपंचाशिके’चे ‘ब्लॅक मॅरिगोल्ड्स’ हे प्रसिद्ध इंग्रजी रूपांतर त्यांचेच आहे. शब्द ते निवडत, ते चौकटीत बसवण्याचे काम त्यांच्या पत्नी करीत, आणि मग संकेत पुन्हा मॅथर्स लिहीत. १९३४ मध्ये त्यांनी शंभर पानांची एक रहस्यकथा पानांचा क्रम मुद्दाम बिघडवून छापली, आणि वाचकाने तो क्रम लावून खुनी व बळी ओळखावेत अशी स्पर्धा ठेवली. त्यांची प्रतिभा निर्विवाद होती, परंतु त्यांच्या संकेतांत व्याख्या पुष्कळदा सैल असे, किंवा तिच्या जागी एखाद्या कवितेकडे किंवा नाटकाकडे केलेला निर्देश असे, आणि त्यामुळे उत्तर सुचल्यावरही ते बरोबर आहे की नाही याचा निर्णय संकेतावरून करता येईलच असे नसे.

‘टाइम्स’ने पुष्कळ काळ दूर राहून अखेर १ फेब्रुवारी १९३० रोजी आपले दैनिक कोडे सुरू केले. ते रचण्यासाठी निवडलेले एड्रियन बेल हे सफकमध्ये शेती करणारे लेखक होते आणि कोडी रचण्याचा त्यांना काही अनुभव नव्हता, तरी पुढील आयुष्यात त्यांनी सुमारे ५,००० कोडी रचली. त्याच वर्षी बीबीसीच्या ‘लिसनर’ या साप्ताहिकात अत्यंत कठीण कोड्यांची जी मालिका सुरू झाली, तिच्यातून नियमांचा विचार करणारा पहिला कोडेकार पुढे आला. अ‍ॅलिस्टर फर्ग्युसन रिची हे वेल्स कॅथीड्रल स्कूलचे मुख्याध्यापक आणि धर्मोपदेशक. नावाची आद्याक्षरे व आडनावाचा पहिला तुकडा जोडून त्यांनी ‘आफ्रीत’ हे टोपणनाव घेतले, जे अरबी कथांतील एका पिशाचाचेही नाव आहे. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोडीसंग्रहात त्यांनी असे तत्त्व मांडले की, कोडेकाराच्या वाक्याचा वरवरचा अर्थ त्याला अभिप्रेत असण्याची गरज नाही, मात्र जे अभिप्रेत आहे ते त्या शब्दांत असलेच पाहिजे. फसवण्याची पूर्ण मुभा आणि खोटे बोलण्यास पूर्ण मनाई, असा हा करार होता.

या कराराची कलमे लिहून काढली ती डेरिक सॉमरसेट मॅकनट यांनी. ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणारे मॅकनट १९३९ मध्ये टोर्क्वेमाडा यांच्या निधनानंतर ‘ऑब्झर्व्हर’मध्ये आले आणि ‘झिमिनीझ’ या नावाने, जे पुन्हा एका स्पॅनिश धर्मन्यायाधीशाचे होते, १९७१ पर्यंत लिहीत राहिले. त्यांचे १९६६ चे पुस्तक या कलेचे व्याकरण मानले जाते. तथापि त्या पुस्तकापेक्षाही त्यांनी चालवलेल्या स्पर्धेचा परिणाम अधिक खोल होता असे म्हणावे लागते. या स्पर्धेत कोडे सोडवणे ही केवळ पात्रता होती: दिलेल्या शब्दासाठी सोडवणाऱ्याने स्वतः एक संकेत रचून पाठवायचा, आणि मग झिमिनीझ निवडक संकेत व त्यांवरील आपली टिप्पणी एका छापील पत्रकातून वर्गणीदारांना कळवीत. हे पत्रक ‘स्लिप’ या नावाने ओळखले जाई. त्यात बक्षीसपात्र संकेतांच्या यादीबरोबरच कोणता संकेत कोणत्या दोषामुळे बाद झाला याचीही चर्चा असे, आणि अशा रीतीने सोडवणाऱ्यांचा एक वर्गच न्यायनिवाड्याच्या पद्धतीत तयार झाला.

या निवाड्यांतील एक ठळक नियम वर दिलेल्या उदाहरणावरून समजू शकतो. ‘विसकटलेले कमल’ हे न्याय्य, कारण फिरवायची अक्षरे समोर आहेत. परंतु कोणी ‘विसकटलेले पंकज’ असे लिहून वाचकाने आधी ‘कमल’ हा पर्याय मनात आणावा आणि मग त्याची अक्षरे फिरवावीत अशी अपेक्षा ठेवली, तर ते अन्याय्य ठरते. सरोज, अंबुज, नीरज, राजीव, पद्म यांपैकी नेमका कोणता शब्द घ्यायचा हे संकेत सांगत नाही, आणि म्हणून उत्तर आधी आणि उपपत्ती मागाहून, असा उलटा क्रम सोडवणाऱ्याच्या माथी येतो. त्याचप्रमाणे कृतीची खूण व्याकरणाच्या दृष्टीने खरी असली पाहिजे, आणि संकेतात व्याख्या, शब्दखेळ व त्यांना जोडणारे दुवे यांखेरीज एकही फुकटचा शब्द असता कामा नये. संपूर्ण वाक्य एकाच वेळी व्याख्याही आणि शब्दखेळही ठरणे हा या पंथात सर्वोच्च पराक्रम समजला गेला. १९७२ मध्ये जोनाथन क्राउदर यांनी ही गादी ‘एझेड’ या नावाने पुढे चालवली. दिएगो देझा या तिसऱ्या धर्मन्यायाधीशाचे आडनाव उलटे लिहून ते साधलेले आहे, आणि ते ‘ए’पासून ‘झेड’पर्यंतची वर्णमालाही सुचवते.

शब्दकोड्यांचे लोकप्रिय इतिहास बहुधा १९४२ च्या जानेवारीतील प्रसंगाशी रेंगाळतात, जेव्हा ‘डेली टेलिग्राफ’ने १२ मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा भरवली आणि तिच्यातील काही जणांना पुढे ब्लेचली पार्क येथील संदेशभेदनाच्या गुप्त कामासाठी बोलावणे आले. प्रसंग खरा आहे, परंतु कोड्याच्या कलेत त्याने काही भर घातली नाही.

झिमिनीझच्या शिस्तीला उत्तर मिळाले ते ‘गार्डियन’मधून. रेव्हरंड जॉन ग्रॅहम यांनी १९५८ पासून तेथे रचलेली कोडी पुढे ‘अराउकारिया’ या नावाने प्रसिद्ध झाली. हे चिली देशातील एका सूचिपर्णी वृक्षाचे शास्त्रीय नाव असून, इंग्रजीत त्याच्या एका नावाचा अर्थच माकडाला पडलेले कोडे असा आहे. व्याकरणाची काटेकोर कलमे त्यांनी पुष्कळदा धुडकावली, पण त्यांचे उत्तर एकदा सापडले की ते तेच आहे याविषयी शंका उरत नसे, आणि त्यामुळे पंथ वेगळा असूनही मूळ करार त्यांनी मोडला असे म्हणता येत नाही. जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी, आपल्याला अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याचे त्यांनी वाचकांना कळवले तेही कोड्यातूनच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले.

उपपत्तीची ही जबाबदारी कोणीच घेतली नाही तर काय घडते, याचा दाखला मुंबई राज्याच्या इतिहासात सापडतो. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून आर.एम.डी.सी. या नावाची बक्षिसांची शब्दकोडी चालत आणि मुंबई राज्यातही त्यांचा मोठा प्रसार होता. त्यांतील संकेत गूढ नव्हते, संदिग्ध होते. एकाहून अधिक शब्द सारखेच शोभत, आणि संपादकाकडे आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तरांशी ज्याची उत्तरे जुळतील तो विजयी, अशी पद्धत होती. मुंबई सरकारने १९४८ च्या कायद्यात १९५२ मध्ये दुरुस्ती करून राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांतील अशा स्पर्धांवर कर बसवला, आणि तो वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही स्पर्धा जुगारात मोडते, आणि जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असे ठरवले. त्याच दिवशी दिलेल्या दुसऱ्या निकालात, बक्षिसांची एकूण रक्कम महिन्याला १,००० रुपयांपर्यंत आणि प्रवेशिका २,००० पर्यंत मर्यादित करणारा १९५५ चा केंद्रीय कायदा केवळ जुगारस्वरूपी स्पर्धांना लागू होतो, ज्यांतील यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते अशा स्पर्धा त्याच्या कक्षेबाहेर राहतात, असा अर्थ न्यायालयाने लावला.