मूल कोणाचं? कॅरोलाइन नॉर्टनची गोष्ट

आई-बाबा वेगळे झाले की मूल आठवडाभर एकाकडे आणि शनिवार-रविवार दुसऱ्याकडे, ही व्यवस्था आपल्याला आता बऱ्यापैकी ओळखीची आहे. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये असा प्रश्नच कोणाला पडत नव्हता. मूल बापाचं. विषय संपला. १८०४ मध्ये तर एका बापाने आठ महिन्यांचं अंगावर पिणारं बाळ आईकडून ओढून नेलं, आणि कोर्टाने ते तिला परत द्यायला नकार दिला!

कॅरोलाइन नॉर्टन ही लेखिका. नवरा वकील, आणि हात उगारणारा. १८३६ मध्ये दोघं वेगळे झाले. त्याने तिन्ही मुलगे आपल्या ताब्यात घेतले. थोरला सहा वर्षांचा, धाकटा अडीच. वर त्याने खटला भरला, तो थेट पंतप्रधान लॉर्ड मेलबर्नवर. आरोप, माझ्या बायकोशी संबंध ठेवले. ज्यूरीने जागेवरून न उठता खटला फेटाळला. म्हणजे कॅरोलाइनवरचा डाग पुसला, नाही का? हो, पण मुलं काही मिळाली नाहीत. ती त्याने स्कॉटलंडला पाठवून दिली.

मग तिने लेखणी उचलली. पत्रकं काढली, एक तर पुरुषाच्या टोपणनावाने, कारण बाईचं ऐकतंय कोण! टॅलफोर्ड नावाच्या खासदाराने विधेयक मांडलं आणि १८३९ मध्ये कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा आणि त्याहून मोठ्या मुलांना भेटण्याची परवानगी आई कोर्टाकडे मागू शकेल. अर्थात व्यभिचार सिद्ध झालेल्या आईला नाही. बापाला मात्र अशी अट नव्हती, हे लक्षात घ्या.

आणि तिची स्वतःची मुलं? हा कायदा स्कॉटलंडला लागूच नव्हता. १८४२ मध्ये धाकटा विल्यम घोड्यावरून पडला. दुखणं विकोपाला गेलं, तेव्हा आईला कळवलं. ती पोचली तेव्हा तो गेला होता.

आता आपल्याकडे या. १९५६ चा हिंदू पालकत्वाचा कायदा म्हणतो, नैसर्गिक पालक बाप, 'त्यानंतर' आई. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे. कोर्टात अखेर मुलाचं हित सगळ्यात वर, हेही त्यातच लिहिलंय. गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे मागितले, आणि पालक म्हणून सही त्यांची होती. नवऱ्याची संमती होती, तरी बँकेने बापाची सही आणा म्हणून अर्ज परत पाठवला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९९९ मध्ये निकाल लागला: 'त्यानंतर' म्हणजे बाप वारल्यावरच असं नाही, त्याच्या गैरहजेरीतही. तो लक्षच देत नसेल, तरीही.

२०१५ मध्ये विधी आयोगाने संयुक्त ताब्याची शिफारस केली, दोघांनी मिळून मूल वाढवण्याचा आराखडाही सुचवला. १९५६ च्या कायद्यातला तो 'त्यानंतर' मात्र पुस्तकात आहे तसाच आहे.