उलांडी : होडीचा तोल सांभाळणारा ओंडका

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पारंपरिक मासेमारी होडीच्या एका बाजूस आडवे वासे बाहेर काढून त्यांच्या टोकांना पाण्यावर तरंगणारा ओंडका बांधलेला आढळतो. या रचनेस ‘उलांडी’ म्हणतात. सातारा-सांगलीकरांना कृष्णेतील नाव परिचित आहे. उलांडीची होडी मात्र सह्याद्रीपलीकडची.

एकाच खोडातून कोरलेली होडी खोडाइतकीच रुंद होते. ती वेगाने जाते. पण लाटेत चटकन कलंडते. उलांडीच्या बाजूस झुकल्यास तरंगता ओंडका तिला वर रेटतो आणि विरुद्ध बाजूस झुकल्यास ओंडक्याचे वजन तिला मागे खेचते. उंची वाढविण्यासाठी खोडावर फळ्या काथ्याने शिवण्याची पद्धतही किनाऱ्यावर होती.

या रचनेचे मोठे क्षेत्र आग्नेय आशियातील बेटे हे होय. फिलिपिन्समधील ‘बांगका’ या होडीस दोन्ही बाजूंना ओंडके असतात, तर श्रीलंकेतील ‘ओरू’ या होडीस कोकणाप्रमाणे एकाच बाजूस. जावा बेटावरील बोरोबुदूर स्तूपाच्या शिल्पपटांत अशी शिडाची जहाजे कोरलेली आहेत. भारतीय नौकांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात या साम्याची सविस्तर चर्चा केली आहे.

देशावरील नद्यांत उलांडी रुजली नाही. परंतु तोल साधण्याचे तेच तत्त्व ‘सांगड’ या शब्दात आढळते. दोन होड्या किंवा तराफे एकत्र बांधले म्हणजे सांगड होते. ‘सांगड घालणे’ हा नित्याचा वाक्प्रचार यावरूनच आला. महापुरात गुळाची काहील होडीसारखी वापरण्याची रीतही या भागात आहे. मात्र गोल काहिलीस तोल राखणारा असा आधार नसतो.

तोल बिघडल्यास काय घडते, हे सांगली जिल्ह्याने अनुभवले आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून १७ जणांचा मृत्यू झाला. बोटीत क्षमतेहून अधिक माणसे असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले होते. अतिभार झाल्यास कोणतीही रचना पुरी पडत नाही. म्हणूनच कृष्णाकाठच्या गावांनी पावसाळ्यापूर्वी बोटीची क्षमता तपासून तिच्यावर ठळकपणे लिहिणे आणि प्रत्येक प्रवाशास जीवरक्षक जॅकेट देणे अगत्याचे आहे.