मितानीन
छत्तीसगढात जिवाभावाच्या सखीस मितानीन म्हणतात. हे नाते रक्ताचे नव्हे. ते विधिपूर्वक जोडतात आणि जन्मभर पाळतात. २००० साली रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले, तेव्हा खेड्यापाड्यांत डॉक्टर दुर्मीळ होते. म्हणून २००२ पासून वस्तीवस्तीने आपल्यातील एकेक स्त्री निवडली. आरोग्याचे प्राथमिक शिक्षण घेतलेल्या त्या स्त्रीस नाव मिळाले मितानीन. महाराष्ट्रात जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० नंतर हीच वाट चोखाळली होती; २००५ नंतर देशभर आलेल्या ‘आशा’ही याच वाटेच्या.

ताप चार दिवसांत उतरतो. रक्तदाब आणि मधुमेह मात्र जन्माचे सोबती. तेथे औषधाइतकेच, ते नियमाने घेतले का, असे दारी येऊन पुसणारे माणूस लागते. मितानीनच्या नात्याची खरी कसोटी आता येथेच आहे.