डच बोधचित्रांचा अर्थ आणि वाचकाचा समाज

सतराव्या शतकातील डच प्रजासत्ताकात बोधचित्रांची पुस्तके अतिशय लोकप्रिय होती. एक बोधवचन, त्याखाली ताम्रपटावरून छापलेले मुद्राचित्र आणि चित्राचा उलगडा करणारे पद्य अथवा गद्य, अशी त्यांची सर्वसाधारण रचना असे. मात्र चित्रातून निघणारा अर्थ वाचकाचे वय, व्यवसाय, धर्मविचार आणि काळ यांनुसार बदलत असे.

याकोब काट्स (१५७७-१६६०) या कवीने हे बदलते अर्थ ग्रंथाच्या रचनेतच गृहीत धरले होते. १६१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'सिलेनस अल्सिबियाडिस' या ग्रंथातील चित्रे आद्रियान फान द फेने याच्या रेखाटनांवर आधारलेली आहेत. त्यातील एकाच चित्राचा अर्थ तीन प्रकारे लावला आहे: प्रथम प्रेमाच्या, नंतर समाजनीतीच्या आणि शेवटी धर्मचिंतनाच्या अंगाने. तारुण्य, प्रौढपण आणि वार्धक्य या अवस्थांशी हे तीन अर्थ जोडलेले आहेत. शिवाय पद्ये डच, लॅटिन आणि फ्रेंच अशा तीन भाषांत असल्याने विद्वानांचीही सोय झाली.

काळ बदलला की अर्थ कसा पालटतो, याचे उदाहरण म्हणजे रूमर फिसर या ॲमस्टरडॅमच्या धान्यव्यापाऱ्याचे 'सिनेपॉपेन' (१६१४) हे पुस्तक. त्यातील एका चित्रात ट्यूलिपची फुले असून, मूर्खाजवळ पैसा टिकत नाही, असा त्याचा आशय आहे. दुर्मीळ फुलांवर खर्च करणाऱ्या हौशी सधनांना मारलेला तो टोमणा होता. पुढे फेब्रुवारी १६३७ मध्ये ट्यूलिपच्या कंदांचे भाव कोसळले. त्यानंतरच्या वाचकाला हे चित्र भविष्यवाणीसारखे वाटले तर नवल नाही. पण ते छापले गेले त्या घटनेच्या तेवीस वर्षे आधी.

यान लाउकेन व त्याचा पुत्र कास्पर यांच्या १६९४ च्या पुस्तकात १०० व्यवसायांची चित्रे आहेत. लाउकेनच्या पद्यांत प्रत्येक कामातून आध्यात्मिक बोध काढलेला आहे. आजचा अभ्यासक मात्र त्याच चित्रांत तत्कालीन हत्यारे आणि कामाच्या पद्धती शोधतो.

कला-इतिहासकारांमध्येही यावर मतभेद आहेत. एडी डे योंग यांनी बोधचित्रांच्या आधारे डच चित्रांतील दडलेले नीतिबोध उलगडले. १९७६ साली ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये भरलेल्या प्रदर्शनाने हा विचार रसिकांसमोर मांडला. उलट, दृश्य जगाचे वर्णन हेच डच कलेचे मुख्य वैशिष्ट्य असल्याचे प्रतिपादन स्वेतलाना आल्पर्स यांनी १९८३ साली केले. या दोन्ही भूमिका पारखताना चित्र कोणासाठी छापले गेले, सोबतचा मजकूर काय होता आणि तो वाचणारा समाज कोणता, हे प्रश्न टाळता येत नाहीत. ते टाळले, तर जुन्या चित्रात आपण आपल्याच काळाची समजूत पाहून परततो.