एक ना धड...

'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो. पण ती यंत्रांनाही लागू पडते. एकाच यंत्रात दहा कामे कोंबली की ते जास्त खपेल, असे वाटणे साहजिक आहे. गाणी ऐकण्याच्या यंत्रांचा इतिहास मात्र बरीच वर्षे उलटेच सांगत होता.

१९७९ साली सोनी कंपनीने आपल्या 'प्रेसमन' या छोट्या टेपरेकॉर्डरमधून ध्वनिमुद्रणाची सोय काढली, स्पीकर काढला, हेडफोन जोडला आणि वॉकमन जन्माला आला. ज्यात रेकॉर्डिंग होत नाही ते कोण घेणार, अशी शंका कंपनीतच होती. लोकांनी वॉकमन उचलून धरला.

२३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने आयपॉड आणला. किंमत ३९९ डॉलर आणि आत सुमारे एक हजार गाणी. चक्र फिरवायचे, गाणे निवडायचे, ऐकायचे. २००३ मध्ये नोकियाने 'एन-गेज' काढला. त्यात फोन, खेळ, गाणी, रेडिओ असे सगळेच होते. पण खेळ बदलायचा तर बॅटरी काढावी लागे आणि बोलताना यंत्राची कड कानाला लावावी लागे. प्रत्येक काम दुसऱ्याच्या वाटेत येत होते.

सप्टेंबर २००५ मध्ये तर गंमतच झाली. मोटोरोलाचा 'रॉकर' हा गाणी वाजवणारा फोन ॲपलच्याच व्यासपीठावर सादर झाला. त्यात शंभरच गाणी मावत. कार्डावर जागा उरली तरी एकशे एकावे गाणे चढत नसे. त्याच दिवशी, त्याच व्यासपीठावर बोटभर जाडीचाही नसलेला आयपॉड नॅनो आला. त्यात हजार गाणी मावत होती. ग्राहकाने काय निवडले असेल, हे सांगायला नको.

मग २००७ साली आलेला आयफोन का जिंकला? तोही सर्वकामीच होता. फरक असा की, त्याच्या दर्शनी भागावर जवळजवळ बटणेच नव्हती. पडद्यावर त्या त्या कामापुरती बटणे उमटत आणि काम संपले की नाहीशी होत. गाणी लावली की सगळा पडदा गाण्यांचा. स्मृती स्वस्त झाल्याने जागेची अडचणही पुढे उरली नाही. अखेर मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड बंद केल्याचे जाहीर केले.

म्हणजे गोष्ट संपली का? तसे नाही. २०१७ साली सारेगामाने पाच हजार जुनी गाणी भरलेला 'कारवां' आणला आणि तो चांगला खपला. स्मार्टफोनवर तीच गाणी मिळत होती. पण घरातल्या आजी-आजोबांना पासवर्ड, जाहिराती, अपडेट यांतून वाट काढायची नव्हती. त्यांना गाणे ऐकायचे होते. नवे यंत्र बनवणाऱ्याने कामांची यादी वाढवण्याआधी एकदा त्यांच्याकडे पाहावे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)