चित्राखालची तांबडी रेघ

अवसरी बुद्रुकहून मंचर, नारायणगाव करत जुन्नर गाठलं की डोंगराडोंगरात लेणी भेटतात. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी. तिथे कोरीवकाम आहे, शिलालेख आहेत. पण लेण्यांतल्या चिताऱ्याचा हात बघायचा तर वाट अजिंठ्याचीच धरावी लागते.

अजिंठ्यातही गर्दी असते ती पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढे. त्याच्या रंगाखालच्या कच्च्या रेघेकडे कोण बघतो?

पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, टाकीच्या घावांनी खडबडीत राहिलेल्या खडकावर माती, भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळून गिलावा चढे. त्यावर चुन्याचा पातळ हात. मग चितारी गेरूसारख्या तांबड्या रंगाने बोधिसत्त्वाची, जातककथेतल्या राजाची ठसठशीत आकृती रेखी. तिच्यावर हिरव्या मातीचा हात फिरे, तोही इतका विरळ की खालचा तांबडा जागोजागी डोकावावा. त्यानंतर रंग भरायचे आणि शेवटी काळ्या किंवा तपकिरी रेघेने कडा पक्क्या करायच्या. म्हणजे आकृती दोनदा रेखायची आणि पहिली झाकून टाकायची.

हजारेक वर्षांनंतर इटलीतले बरोक चित्रकार हाच लोहयुक्त तांबडा रंग खडूच्या रूपात वापरत होते. ग्वेर्चिनो (१५९१–१६६६) काय किंवा कार्लो मराट्टा (१६२५–१७१३) काय, चर्चमधलं चित्र हाती घेण्याआधी संतांचे हात, मान, वस्त्रांच्या चुण्या कागदावर काढून बघत. कागदावर होतं म्हणून ते टिकलं. ग्वेर्चिनोच्या वारसांनी त्याची रेखाटनं सांभाळली. त्यांतला मोठा साठा पुढे इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जने घेतला आणि आज तो विंडसरला आहे. अजिंठ्याच्या चिताऱ्याचं कच्चं काम मात्र भिंतीवरच, रंगाखाली गेलं.

ते पुन्हा दिसलं ते रंग उडाल्यावर. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यातल्या चित्रांच्या नकला करत होते. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यापैकीच. पांढऱ्या गिलाव्यावरच्या तांबड्या रेघेची नोंद अजिंठ्याच्या अभ्यासकांनी करून ठेवली. ही नोंद नकलांइतकीच मोलाची म्हणायला हवी, कारण नकलांचं नशीब फुटकंच निघालं. ग्रिफिथ्सच्या आधी रॉबर्ट गिलने केलेल्या प्रती १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जवळपास सगळ्या गेल्या. ग्रिफिथ्सच्या प्रतींमधल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या.

१९२० नंतर निजामाच्या सरकारने भिंती सावरायला माणसं बोलावली तीही इटलीहून. चेक्कोनी आणि ओर्सिनी यांनी सुटणारा गिलावा धरून ठेवला खरा, पण त्यांनी चढवलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला आणि पुरातत्त्व खात्याला तो काढत बसावं लागलं.

अजिंठ्याला गेलात तर जिथे रंगाचे पापुद्रे निघाले आहेत तिथेही मिनिटभर थांबा. कॅमेऱ्याचा फ्लॅश तेवढा बंद ठेवा. त्याला तिथे बंदीच आहे.